कोबे : डोंगरापासून धक्क्यापर्यंतचा पहिला दिवस

उतरणवाट

ओसाकाला मुक्काम करणारे बहुतेक भारतीय प्रवासी कोबेसाठी फार तर एक संध्याकाळ राखून ठेवतात. सान्नोमिया स्थानकावर उतरायचे, खाणारे असतील तर तिथल्या प्रसिद्ध गोमांसासाठी रांग लावायची, बंदरावरील लाल मनोऱ्यासमोर छायाचित्रे काढायची आणि रात्रीच्या गाडीने परतायचे, असा तो ठरलेला क्रम असतो. या क्रमाने हे शहर कळत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. कोबे म्हणजे उत्तरेची रोक्को डोंगररांग आणि दक्षिणेचा ओसाका उपसागर यांच्यात अडकलेली चिंचोळी पट्टी. मध्यवर्ती भागात डोंगराच्या पायथ्यापासून धक्क्यापर्यंतचे अंतर कुठेही न थांबता चालल्यास तासाभरात संपते. त्यामुळे सकाळी डोंगरात सुरुवात करून दिवसभर समुद्राकडे उतरत गेले, की परदेशी व्यापाऱ्यांची घरे, त्यांची प्रार्थनास्थळे, त्यांच्या कचेऱ्या आणि शेवटी धक्का, असे बंदराचे सगळे थर एकाच उतारावर ओळीने भेटतात. आम्ही चार मित्रमैत्रिणींनी पहिला दिवस असा घालवला. पुढे जाणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून तो सविस्तर लिहितो आहे.

आमच्यापैकी एक जण ओसाकात नोकरी करतो, दुसरा पाटबंधाऱ्यांच्या कामावरचा अभियंता आहे, आणि मैत्रिणीच्या माहेरी अकोल्याला काही पिढ्या कापसाचा व्यापार होता. ही ओळख उगीच करून दिलेली नाही. दिवसभरात ज्याचा त्याचा विषय वाटेत आला.

ओसाकाहून सान्नोमियाला जे.आर.च्या जलद गाडीने जेमतेम बावीस मिनिटे लागतात, शिवाय हानक्यू आणि हानशिन या खाजगी कंपन्यांचे रूळही जवळपास समांतर धावतात. आम्ही मात्र शिन-कोबे स्थानक गाठले, कारण बुलेट ट्रेनचे हे स्थानक दोन बोगद्यांच्या मध्ये, अक्षरशः डोंगराच्या कुशीत बसवलेले आहे. स्थानकाच्या खालून मागच्या बाजूला गेले, की पाच मिनिटांत रहदारीचा आवाज संपतो आणि नुनोबिकी धबधब्यांची पायवाट सुरू होते. चार धबधब्यांपैकी सर्वांत उंच ओनताकी सुमारे ४३ मीटरचा आहे. सह्याद्रीत पावसाळे काढलेल्या माणसाला त्याच्या उंचीचे अप्रूप वाटणार नाही, पण पंधरा लाख वस्तीच्या शहराच्या मुख्य स्थानकापासून वीस मिनिटांच्या चालीवर असा धबधबा असणे ही गोष्ट वेगळी.

आमचा अभियंता मित्र धबधब्यापाशी फारसा रेंगाळला नाही. त्याला वरचे धरण पाहायचे होते. १९०० साली पूर्ण झालेले नुनोबिकी गोहोनमात्सु हे जपानमधील पहिले काँक्रीटचे गुरुत्व धरण आहे. उंची तेहेतीस मीटरच्या आसपास, बाहेरून घडीव दगडाचे आवरण, त्यामुळे ते धरणापेक्षा एखाद्या किल्ल्याच्या तटासारखे दिसते. बंदर वाढले, वस्ती वाढली, पटकीच्या साथी आल्या, आणि शुद्ध पाण्याची सोय करणे भाग पडले, त्यातून हे काम उभे राहिले. बोटींनाही हेच पाणी भरून दिले जाई, आणि कोबेचे पाणी विषुववृत्त ओलांडले तरी नासत नाही अशी त्याची खलाशांमध्ये ख्याती होती. १९९५ च्या भूकंपानंतरही हे धरण उभे राहिले, ही बाब मित्राने आम्हाला बांधकामाच्या बारकाव्यांसह इतका वेळ समजावली, की रोपवेने वर जाऊन वनौषधींची बाग पाहण्याचा बेत आपोआप रद्द झाला. मला त्याची खंत नाही. ज्यांना चढ नको असेल त्यांनी मात्र रोपवेने वर जाऊन खाली चालत यावे. तीही वाट धरणावरूनच उतरते.

तिथून खाली कितानो. जपानने हे बंदर परकीय व्यापाराला १ जानेवारी १८६८ रोजी खुले केले, आणि समुद्रालगतची परदेशी वसाहत अपुरी पडू लागल्यावर युरोपीय व्यापारी या उतारावर घरे बांधू लागले. आज ही घरे तिकीट लावून दाखवली जातात. सगळी पाहण्याच्या फंदात पडू नये. तिसऱ्या घरानंतर तेच ते फर्निचर आणि त्याच त्या चिनी मातीच्या बश्या दिसू लागतात. १९०३ साली अमेरिकी वाणिज्यदूतासाठी बांधलेले फिकट हिरव्या रंगाचे मोएगी घर तेवढे अवश्य पाहावे. भूकंपात त्याचे विटांचे धुराडे कोसळले, आणि तो पडलेला तुकडा बागेत तसाच ठेवलेला आहे. शेजारच्या चौकातले विटांचे, छतावर वातकुक्कुट असलेले घर १९०९ सालचे, एका जर्मन व्यापाऱ्याचे. दुरुस्तीसाठी ते दीर्घकाळ बंद होते, म्हणून जाण्यापूर्वी चौकशी करावी.

कितानोमध्ये आम्ही सर्वाधिक वेळ या घरांत नव्हे, तर त्यांच्या आसपासच्या गल्ल्यांत घालवला. एका गल्लीत अचानक पांढऱ्या संगमरवराचे शिखरबंद जैन मंदिर समोर येते. १९८५ साली बांधलेल्या या महावीरस्वामींच्या मंदिराचा दगड भारतातून आणलेला आहे. मोत्यांच्या व्यापारासाठी येथे स्थायिक झालेल्या जैन कुटुंबांचे हे मंदिर. जपानी संवर्धित मोती जगभर जातात ते मोठ्या प्रमाणात कोबेत प्रक्रिया आणि प्रतवारी होऊन. प्रतवारीला लागणारा उत्तरेचा मऊ, स्थिर उजेड रोक्को डोंगरामुळे येथे चांगला मिळतो, असे या व्यवसायातले लोक सांगतात. मंदिरापासून दहा-बारा मिनिटांवर जपानमधली पहिली मशीद आहे. १९३५ साली ती बांधली गेली तेव्हा वर्गणी देणाऱ्यांत भारतीय आणि तातार व्यापारी होते, आणि आराखडा मात्र एका झेक वास्तुविशारदाचा. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यांत आजूबाजूचा परिसर जळाला, पण ती टिकली. पन्नास वर्षांनी भूकंपातही टिकली. गुरुद्वारा, ख्रिस्ती देवळे, ज्यूंचे प्रार्थनास्थळ, सगळे याच टापूत. १९४० आणि १९४१ मध्ये युरोपातून जीव वाचवून निघालेले हजारो ज्यू निर्वासित पुढच्या बोटीची वाट पाहत कोबेत राहिले होते.

एवढे भारतीय व्यापारी येथे का आले, याचे एक कारण निसर्गाने दिले. १९२३ च्या कांतो भूकंपात योकोहामा उद्ध्वस्त झाले आणि तिथले अनेक भारतीय व्यापारी कोबेला आले. त्याच भूकंपाने कार्ल युखहाइम हा जर्मन मिठाईवालाही योकोहामाहून कोबेला आणून सोडला. आज जपानभर विकला जाणारा, झाडाच्या खोडातील वर्तुळांसारखा दिसणारा बाउमकुखेन केक रुजवण्यात त्याचा मोठा वाटा आहे. पहिल्या महायुद्धात तो जपानचा युद्धकैदी होता, हे ऐकल्यावर आमच्या मैत्रिणीने दुसरा तुकडा मागवला.

दुपारी टोर रोडने खाली उतरलो. जुनी परदेशी वसाहत म्हणजे आजचा उंची दुकानांचा आणि बँकांचा भाग. जॉन विल्यम हार्ट या इंग्रज अभियंत्याने आखलेले सरळ रस्ते आणि १२६ भूखंडांची विभागणी अजूनही ओळखू येते. मूळ इमारतींपैकी जवळपास काहीच उरलेले नाही. १८८० च्या सुमाराची ‘पंधरा क्रमांकाची’ इमारत तेवढी आहे, आणि तीही भूकंपात पूर्ण कोसळल्यावर जुनेच सामान शक्य तितके वापरून, खाली भूकंपरोधक पाया घालून पुन्हा उभारलेली. १८९९ मध्ये वसाहतीचा कारभार जपानकडे परत गेला.

येथेच, एका जुन्या जहाज कंपनीच्या भव्य इमारतीसमोर, अकोल्याच्या मैत्रिणीचा विषय निघाला. निप्पोन युसेन या कंपनीने १८९३ मध्ये मुंबईचा मार्ग सुरू केला आणि त्या मार्गावरची पहिली बोट, ‘हिरोशिमा मारू’, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कोबेहून निघाली. जपानी बोटकंपनीने नियमित चालवलेला तो पहिला दूरपल्ल्याचा मार्ग मानला जातो, आणि त्यामागे जमशेटजी टाटा होते. मुंबईहून पूर्वेकडे जाणाऱ्या मालाच्या भाड्यावर काही युरोपीय कंपन्यांची मक्तेदारी होती. ती मोडण्यासाठी टाटांनी आणि जपानी गिरणीमालकांनी हात मिळवले. प्रतिस्पर्ध्यांनी भाडे प्रचंड पाडले, तरी जपानी गिरण्यांनी आपला कापूस नव्या मार्गानेच आणण्याचे मान्य केले आणि मार्ग टिकला. ओसाका आणि कोबेच्या सूतगिरण्या पुढची कित्येक दशके हिंदुस्थानी कापसावर चालल्या; त्यात वऱ्हाडचा कापूस होताच. मैत्रीण म्हणाली, “आमच्या आजोबांच्या बोलण्यात जपानचे गिऱ्हाईक यायचे. मला वाटायचे, ते बढाई मारतात.”

नानकिनमाची या चिनी बाजारात आम्ही पाऊण तास होतो. डुकराच्या मांसाचे वाफवलेले पाव खाणाऱ्यांनी तिथे जावे. बाजार जिथे आहे तिथेच का, एवढे सांगतो : बंदर उघडले तेव्हा चीनशी जपानचा करार झालेला नव्हता (तो १८७१ चा), म्हणून चिनी लोकांना परदेशी वसाहतीत जागा मिळेना आणि ते तिच्या पश्चिम सीमेला लागून राहिले.

सूर्य कलताना मेरिकेन पार्कला पोहोचलो. १०८ मीटरचा लाल मनोरा १९६३ चा आहे आणि मोठ्या नूतनीकरणानंतर २०२४ मध्ये पुन्हा उघडला. मधे बारीक, वर-खाली रुंद असा तो आकार पाहून आपल्याला डमरूच आठवतो. त्याच्या अलीकडे, धक्क्याच्या कडेला, साठ मीटरभर जागा कठडा घालून राखलेली आहे. तुटलेले काँक्रीट, वाकलेले दिवे, आत शिरलेले पाणी, सगळे १७ जानेवारी १९९५ रोजी पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी जसे झाले तसे. ७.३ तीव्रतेच्या त्या भूकंपात ६,४३४ माणसे गेली. मनोऱ्याच्या रांगेत शेकडो लोक असताना येथे मोजकीच माणसे उभी होती, आणि तरीही मी म्हणेन की या शहरात एकच गोष्ट पाहायला वेळ असेल तर हा तुटका धक्का पाहावा.

जवळच धक्क्यावर समुद्राकडे बोट दाखवणारे एक कुटुंब शिल्परूपात उभे आहे. ते ब्राझीलला गेलेल्या स्थलांतरितांचे स्मारक. २८ एप्रिल १९०८ रोजी ‘कासातो मारू’ ७८१ जणांना घेऊन येथून सुटली आणि त्यानंतर कित्येक दशके शेतमजुरीसाठी जाणाऱ्या कुटुंबांचे हे बंदर होते. जाण्याआधी त्यांना काही दिवस ज्या इमारतीत ठेवत, ती १९२८ ची इमारत मोतोमाचीच्या वरच्या चढावर आज संग्रहालय म्हणून खुली आहे. आमच्याकडून ती राहिली. जाणाऱ्यांनी दुपारी तिचा समावेश करावा.

---

मीठभाकर

वृत्तान्त वाचून फार समाधान वाटले. एक व्यावहारिक प्रश्न विचारते. माझे सासूबाई-सासरे शुद्ध शाकाहारी आहेत, अंडेही चालत नाही. तुम्ही दिवसभर काय खाल्ले, हे तुम्ही केकचा एक तुकडा वगळता कुठेच लिहिलेले नाही.

---

उतरणवाट

रास्त प्रश्न आहे. जपानमध्ये शाकाहारी माणसाची अडचण मांसाच्या तुकड्यांपेक्षा दाशी या रश्श्यामुळे जास्त होते, कारण तो बहुधा सुकवलेल्या बोनिटो माशाच्या कातळ्यांपासून करतात आणि भाजीत, नूडल्समध्ये, सोयाच्या पातळ आमटीतही तोच असतो. नुसते “मांस नको” म्हणून भागत नाही; “मासा आणि माशाचा रस्सा नको” असे जपानीत लिहिलेली चिठ्ठी जवळ ठेवावी. कोबेत मात्र भारतीय वस्ती जुनी असल्यामुळे सान्नोमिया आणि कितानोच्या आसपास भारतीय उपाहारगृहे सहज सापडतात, आणि किराणाही मिळतो. आम्ही दुपारी अशाच एका ठिकाणी थाळी घेतली. ती पंजाबी वळणाची होती आणि पोळीऐवजी नान आला, पण पोट भरले. केकमध्ये अंडे असते, तो सासूबाईंना देऊ नये.

---

धक्क्यावरचा दिवा

मी योकोहामात राहतो, त्यामुळे थोडा आक्षेप नोंदवतो. लेखकाच्या उत्साहाचा आदर राखून म्हणतो, की बंदर म्हणून योकोहामा नऊ वर्षांनी वडील आहे. ते १८५९ मध्ये उघडले. कोबे उशिरा उघडले, कारण ते क्योतोच्या जवळ आणि क्योतोच्या दरबाराला परकीय माणूस इतक्या जवळ नको होता. भारतीयांचा विषय निघालाच आहे तर येथल्या यामाशिता पार्कमध्ये एक छोटी घुमटीसारखी पाण्याची इमारत आहे, तिचाही उल्लेख व्हावा. १९२३ च्या भूकंपात स्थानिक लोकांनी भारतीयांना जो आधार दिला, त्याची कृतज्ञता म्हणून भारतीय व्यापाऱ्यांनी ती बांधून दिली. तो पार्कसुद्धा भूकंपातल्या ढिगाऱ्यांचा भराव समुद्रात टाकून तयार झालेला आहे. सारांश, सगळे व्यापारी काही योकोहामा सोडून गेले नाहीत.

---

उतरणवाट

तुमची दुरुस्ती मान्य. “अनेक” म्हणजे “सगळे” नव्हेत. योकोहामाने व्यापाऱ्यांना परत बोलावण्यासाठी प्रयत्नही केले होते. तरीही माझा मुद्दा वयाचा नाही, उताराचा आहे. योकोहामात टेकडीवरचे परदेशी बंगले आणि धक्का यांच्यामध्ये शहर आडवे पसरलेले आहे. कोबेत ते पसरायला जागाच नाही, म्हणून एका दिवसात वाचता येते. मोतोमाचीतल्या एका मोठ्या दुकानात तर दिशा उत्तर-दक्षिण अशा न लिहिता ‘डोंगराची बाजू’ आणि ‘समुद्राची बाजू’ अशा लिहिलेल्या आहेत, आणि रस्ता विचारला तरी लोक तसेच सांगतात.

---

तेरणाकाठ

मी लातूर जिल्ह्यातला. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ चा, पहाटे चारच्या सुमाराचा. आदल्या दिवशी गणपतीचे विसर्जन होऊन लोक दमून झोपलेले होते. कोबेचा भूकंप त्यानंतर सोळा महिन्यांच्या आत झाला, तोही पहाटे, लोक अंथरुणात असताना. तुमचे धक्क्याचे वर्णन वाचताना दोन्ही पहाटा एकत्र आठवल्या. किल्लारीची तीव्रता कोबेपेक्षा बरीच कमी होती आणि तरी आमच्याकडे दहा हजारांच्या जवळपास माणसे गेली. दगड आणि मातीच्या दोन-दोन फूट जाड भिंती, त्यावर मातीचे धाबे, आणि सगळे झोपलेल्या माणसांवर आले. कोबेत काय कोसळले, हे जाणून घ्यायची इच्छा आहे. जपानमध्ये सगळी बांधकामे भूकंपरोधक असतात, असे आम्हाला शाळेत सांगितले होते.

---

उतरणवाट

आपला प्रश्न मी अभियंता मित्राला पाठवला. त्याचे उत्तर माझ्या शब्दांत देतो. कोबेत मृत्यूंचे मुख्य कारण जुनी लाकडी घरे हे होते. वादळात छप्पर उडू नये म्हणून त्यावर मातीच्या थरात जड कौले बसवलेली असत आणि खालचे लाकडी खांब, विशेषतः भिंती कमी असलेल्या खालच्या मजल्यावर, आडवा हादरा पेलू शकले नाहीत. म्हणजे तुमच्याकडे भिंत जड होती आणि त्यांच्याकडे छप्पर जड होते. दोन्ही ठिकाणी माणूस खाली सापडला. जपानमधील बांधकामाचे नियम १९८१ मध्ये कडक झाले, आणि त्यानंतरच्या इमारतींचे नुकसान जुन्यांच्या तुलनेत स्पष्टपणे कमी होते. त्यात भर पडली आगीची. नागाता भागात दाट लाकडी वस्ती आणि कृत्रिम चामड्याच्या चपला-बुटांचे छोटे कारखाने होते. पाण्याच्या वाहिन्या फुटल्यामुळे बंबांना पाणी मिळेना. आणि हानशिन द्रुतगती मार्गाचा सहाशे मीटरहून लांब तुकडा खांबांसकट एका कुशीवर झोपला, ते छायाचित्र आपण सर्वांनी पाहिलेले असते.

या विषयावर पूर्वेकडच्या नव्या किनारी वस्तीत २००२ पासून एक मोठे संग्रहालय आहे. तिथे भूकंपातून वाचलेली माणसे स्वतः पाहुण्यांना आपले अनुभव सांगतात. पहिल्या दिवशी ते उरकू नये. त्याला स्वतंत्र अर्धा दिवस द्यावा.

---

तेरणाकाठ

मनापासून आभार. “भिंत जड, छप्पर जड” हे गावातल्या जुन्या गवंड्यांना सांगणार आहे. त्यांनी किल्लारीनंतरचे पुनर्वसन पाहिलेले आहे, त्यांना लगेच पटेल.

---

भरती-ओहोटी

लेखकाने समुद्रातली बेटे अगदीच वगळली आहेत, म्हणून पुरवणी जोडतो. पट्टी अरुंद, म्हणून कोबेने जमीन समुद्रात तयार केली. पोर्ट आयलंड आणि रोक्को आयलंड ही दोन्ही बेटे भरावाची आहेत. पश्चिमेकडचे डोंगर खोदायचे, ती माती पट्ट्यावरून थेट सुमाच्या किनाऱ्यापर्यंत वाहून न्यायची, तिथून तराफ्यांनी समुद्रात टाकायची, आणि डोंगराच्या सपाट झालेल्या जागी घरे बांधायची, असा तो दुहेरी व्यवहार होता. १९८१ पासून पोर्ट आयलंडला चालकाविना धावणारी गाडी जाते. सान्नोमियाहून तिच्या पहिल्या डब्यात अगदी पुढे बसल्यास बंदराचे सर्वांत उत्तम दर्शन तिकिटाच्या किमतीत होते. विमानतळ त्याही पुढच्या बेटावर, २००६ चा.

ही कल्पना मात्र आधुनिक नाही. बाराव्या शतकात ताइरा नो कियोमोरी या सरदाराने चीनच्या सोङ राज्याशी व्यापार वाढवण्यासाठी येथले ओवादा बंदर सुधारले आणि लाटा अडवायला एक कृत्रिम बेट घातले. ११८० मध्ये त्याने राजधानीच येथे, फुकुहाराला, हलवली. ती सहा महिनेही टिकली नाही. आपल्याकडे राजधानी हलवण्याचे प्रयोग कसे फसले ते आठवून मला त्याच्याविषयी उगाच आपुलकी वाटते.

---

चुलीवरचे

गोमांस खाणाऱ्यांची लेखकाने पहिल्याच परिच्छेदात जी बोळवण केली आहे, ती मला थोडी अन्यायाची वाटते. ज्याला चालत नाही त्याने खाऊ नये, यात वाद नाही. पण बंदराचा इतिहास सांगताना ते टाळता येत नाही. परदेशी लोक येईपर्यंत येथे बैल होता तो शेतीचा आणि ओझ्याचा. त्याचे मांस खाण्याची रीत बंदरातल्या परदेशी वस्तीमुळे वाढली. ‘कोबे’ हे नाव ज्याला लावता येते ते जनावर ताजिमा वंशाचे आणि ह्योगो प्रांतातच जन्मलेले, वाढलेले असावे लागते. २०१२ पर्यंत ते जपानबाहेर अधिकृतपणे निर्यातच होत नव्हते, तेव्हा त्याआधी परदेशातल्या हॉटेलांत त्या नावाने काय खपत होते, याचा विचार ज्याने त्याने करावा.

---

उतरणवाट

बोळवण झाली, हे खरे. माझी तक्रार पदार्थाबद्दल नाही, त्यासाठी लावलेल्या दोन तासांच्या रांगेबद्दल आहे. दुपारच्या जेवणाला तीच उपाहारगृहे बऱ्याच कमी दरात तेच मांस देतात, असे ओसाकाच्या मित्राचे म्हणणे आहे. इच्छुकांनी रात्रीऐवजी दुपार धरावी म्हणजे संध्याकाळ धक्क्यासाठी मोकळी राहते.

---

जुनी बोट

एक भर. रासबिहारी बोस १९१५ च्या जूनमध्ये ‘सानुकी मारू’ बोटीने कोबेलाच उतरले. पुढच्या वर्षी रवींद्रनाथ ठाकूर कलकत्त्याहून ‘तोसा मारू’ने आले, तेही येथेच. सन यत-सेन यांनी १९२४ च्या नोव्हेंबरमध्ये आशियाच्या ऐक्यावरचे आपले प्रसिद्ध भाषण कोबेत केले. पश्चिमेला माइको येथे, आकाशी पुलाच्या पायथ्याशी, एका चिनी व्यापाऱ्याच्या अष्टकोनी घरात त्यांचे स्मारक आहे. पूल आणि स्मारक एकाच स्थानकावर उतरून पाहता येते. पुलाचा मधला गाळा १,९९१ मीटरचा आहे. मूळ आराखड्यात तो १,९९० होता. बांधकाम चालू असताना १९९५ चा भूकंप झाला आणि मनोरे सुमारे मीटरभर एकमेकांपासून दूर सरकले.

---

मीठभाकर

पुन्हा एकदा त्रास देते. सासूबाईंचे गुडघे दुखतात. धबधबा आणि धरण त्यांना जमणार नाही, आणि लेखक तर सगळे पायीच करा म्हणतात. डोंगर त्यांना कसा दाखवावा?

---

उतरणवाट

त्यांना मायासान दाखवा. त्यात पायऱ्या जवळजवळ नाहीत. सान्नोमियाहून शहर बस केबल रेल्वेच्या खालच्या स्थानकाला जाते, केबल रेल्वे अर्ध्या डोंगरावर नेते आणि तिथून रोपवे सुमारे सातशे मीटर उंचीच्या सज्जावर सोडतो. तिथून ओसाकापर्यंतचा सगळा किनारा आणि बेटे एका दृष्टिक्षेपात येतात. रात्रीच्या दिव्यांसाठी ही जागा जपानभर नावाजलेली आहे. वरच्या स्थानकापासून जवळच तेन्जोजी हे देऊळ आहे. ते गौतम बुद्धांची आई मायादेवी हिचे आहे आणि डोंगराला नावही तिचेच आहे. बाळंतपण सुखरूप व्हावे म्हणून जपानी स्त्रिया तिथे नवस बोलतात. सासूबाईंना बंगले आणि बँका पाहण्यापेक्षा हे अधिक आवडेल, असा माझा अंदाज आहे.

तीन गोष्टी सांभाळा. केबल आणि रोपवे साधारणपणे मंगळवारी बंद असतात, म्हणून वार पाहून निघा. शेवटची खाली येणारी फेरी ऋतूनुसार आणि वारानुसार बदलते. हिवाळ्यात आणि आठवड्याच्या मधल्या दिवसांत ती बरीच लवकर असते, तेव्हा वर पोहोचताच फलकावरची वेळ पाहून ठेवा. आणि वर शहरापेक्षा पाच-सहा अंशांनी थंडी जास्त असते, त्यामुळे उन्हाळा असला तरी सासूबाईंची शाल बरोबर असू द्या. कितानो आणि बंदर त्यांना शहरात फिरणाऱ्या सिटी लूप बसने दाखवता येईल. ती बस शिन-कोबे, कितानो, जुनी वसाहत आणि मेरिकेन पार्क असा याच वाटेवरून फेरा घेते, फक्त गुडघ्यांना त्रास न देता.